हिमांतून मोटार हांकतांना

आमच्या सोनपेठेस हिम पडत नाहीं. पौषांतल्या पहाटे अंगणांत शेकोटी पेटवावी, घोंगडी पांघरून तिच्याभोंवतीं बसावें आणि यंदा थंडी फार आहे असें एकमेकांस सांगावें, एवढाच आमचा हिवाळा. लहानपणीं वडिलांनीं अमरकोश पाठ करवून घेतला तेव्हां तुषार, नीहार, प्रालेय अशीं हिमाचीं नांवें मीं घोकलीं. पुढें शाळेंत तेहतीस वर्षें संस्कृत शिकवितांना तीं मुलांकडूनहि घोकवून घेतलीं. परंतु त्या शब्दांचा अर्थ मला खरोखर कळला तो वयाच्या पासष्टाव्या वर्षीं, कॅनडांत, मुलाच्या मोटारींत मागें बसलों असतां. त्याच दिवशीं आणखीहि एक गोष्ट कळली, आणि ती कळावयास मला तीन तपें उशीर झाला होता. ती सांगण्यासाठींच हा लेख लिहावयास घेतला आहे.

मराठवाड्यांतील वाचकांस हिमाशीं काय कर्तव्य, असें कोणी म्हणेल. परंतु आज आपल्या समाजांत असें घर क्वचितच सांपडेल, कीं ज्यांतील एखादा मुलगा, पुतण्या किंवा भाची टोरांटोस, शिकागोस किंवा जर्मनींत नाहीं. वडीलधारी मंडळी त्यांच्याकडे चार-सहा महिने राहून येतात. शिवाय २०२० सालीं ऑक्टोबरांत रोहतांग घाटाखालून जाणारा सुमारें ९ किलोमीटर लांबीचा अटल बोगदा खुला झाल्यापासून घरची साधी मोटार घेऊन हिवाळ्यांत मनालीकडे जाणारे हौशी लोकहि कमी नाहींत. तेव्हां विषय दूरचा वाटला तरी तो आतां आपल्या ओसरीपर्यंत आलेला आहे.

निघण्यापूर्वीं

माझा थोरला मुलगा टोरांटोजवळ मिसिसागा शहरीं राहतो. त्याच्याकडे मोठी, उंच, चारहि चाकांना जोर देणारी गाडी नाहीं. साधी कोरोला आहे. आमच्या सौभाग्यवतींची भाची तेथून ८०-८५ किलोमीटरांवर किचनर गांवीं असते. तिच्या पहिल्या मुलाचें बोरनहाण ठरलें होतें. संक्रांत होऊन आठवडा झाला होता. हलव्याचे दागिने आमच्या मंडळींनीं सोनपेठेहून स्वतःच्या हातीं नेले होते. बोरें तेवढीं तेथल्या भारतीय दुकानांत मिळालीं. आम्हां दोघांचा, सूनबाईंचा आणि पांच वर्षांच्या नातीचा उत्साह काय सांगावा!

त्या सकाळीं उठून पाहतों तों अंगणांतील मोटार दिसेना. रात्रभर हिम पडून तिचा एक पांढरा ढीग झाला होता. चिरंजीवांनीं लांब दांड्याचा ब्रश घेतला व टपापासून दिव्यांपर्यंत सारी गाडी झाडून काढली. कांचेवर गोठलेला थर खरवडला. मागच्या बाजूस वांकून धूर सोडणाऱ्या नळीचें तोंडहि मोकळें केलें. यांत वीस मिनिटें गेलीं. मी दारांतून म्हणालों, "अरे, समोरची कांच पुसली म्हणजे झालें. टपावरचें हिम वाऱ्यानें आपोआप उडेल." तो म्हणाला, "अण्णा, ब्रेक दाबला कीं तें सगळें घसरून समोरच्या कांचेवर येतें, नाहीं तर उडून मागच्याच्या कांचेवर आदळतें. दोन्ही वाईट." मीं गप्प राहिलों, पण उशीर होत असल्याचें मनास लागून राहिलें.

वाटेंत त्यानें टायरांची हकीगत सांगितली. आपल्याकडील टायरांचें रबर थंडींत, साधारण ७ अंशांच्या खालीं, कडक होऊं लागतें. कडक रबर रस्त्यास धरून राहत नाहीं. हिवाळी टायरांचें रबर निराळ्या घडणीचें असून तें थंडींतहि मऊ राहतें, आणि त्याच्या खांचांत आडव्या बारीक चिरा असतात, त्या हिमास धरतात. अशा टायरांवर तीन शिखरांच्या डोंगरांत हिमाची पाकळी अशी खूण असते. क्विबेक प्रांतानें २००८ पासून असे टायर कायद्यानें सक्तीचे केले असून आतां ती सक्ती १ डिसेंबर ते १५ मार्च असते. टोरांटो ज्या ओंटारिओ प्रांतांत आहे तेथें सक्ती नाहीं. परंतु हे टायर बसविणाऱ्यास विम्याच्या हप्त्यांत सूट मिळते. चिरंजीवांचें म्हणणें असें, कीं साध्या मोटारीस चार हिवाळी टायर घालणें हें उन्हाळी टायरांची बलाढ्य गाडी घेण्यापेक्षां अधिक शहाणपणाचें. कारण चार चाकांचा जोर गाडी सुटावयास उपयोगी पडतो, थांबावयास पडत नाहीं. आणि टायर चारहि सारखे हवेत. पुढचीं दोन चाकें धरतात व मागचीं सुटतात अशी गाडी वळणावर गरकन् फिरते.

पकड आणि वेग

मोटार इंजिनाच्या जोरानें चालते असें आपण समजतों. वस्तुतः ती चाक व भूमि यांच्यामधील पकडीवर चालते. चार चाकांचा भूमीशीं संबंध असतो तो प्रत्येकीं तळहाताएवढ्या जागेपुरता. सुटणें, वळणें व थांबणें हीं तिन्ही कामें त्या चार तळहातांनींच करावयाचीं.

मी गणिताचा शिक्षक नव्हतों, परंतु घरीं आल्यावर कागद घेऊन हिशेब मांडला तो असा. ताशीं ५० किलोमीटर वेगानें जाणारी मोटार कोरड्या डांबरी सडकेवर ब्रेक दाबल्यापासून सुमारें १४ मीटरांत थांबते. येथें घर्षणाचा अंक ०.७ धरला आहे. दाबून बसलेल्या हिमावर तो अंक ०.२ धरला तर सुमारें ५० मीटर लागतात. गुळगुळीत बर्फावर ०.१ धरला तर सुमारें १०० मीटर. म्हणजे जी गाडी आपल्या वाड्याच्या अंगणांत थांबावयाची ती शाळेचें पटांगण ओलांडून जाईल. परंतु याच हिशेबांत दिलाशाचीहि एक गोष्ट आहे. वेग निम्मा केला कीं अंतर निम्मे न होतां चौथाई होतें. त्याच बर्फावर २५ च्या वेगाची मोटार २५ मीटरांत थांबते. हिमांत मोटार हांकण्याचें अर्धें शास्त्र या एका ओळींत आहे.

उरलेलें अर्धें शास्त्र हातापायांच्या हळुवारपणांत आहे. ॲक्सिलरेटर, ब्रेक, स्टिअरिंग यांपैकीं कशासहि हिसका देऊं नये, व शक्यतों दोन कामें एकदम करूं नयेत. वळणापूर्वीं सरळ रस्त्यावरच वेग उतरवावा, मग वळावें, मग हळूच वाढवावा. हातानें गिअर बदलावयाचे असतील तर दुसऱ्या गिअरांत सुटावें, म्हणजे चाक एकदम फिरत नाहीं. पुढच्या गाडीपासून एरवीं दोन-तीन सेकंदांचें अंतर ठेवतात, तें आठ-दहा सेकंदांचें ठेवावें. आजकालच्या मोटारींत चाकें जाम होऊं न देणारी जी ब्रेकची योजना असते ती काम करूं लागली म्हणजे पायाखालीं थरथर होते. तिला भिऊन पाय उचलूं नये, दाबून धरावा.

सर्वांत कपटी तो पारदर्शक बर्फ. तेथील लोक त्यास काळा बर्फ म्हणतात, कारण त्यांतून खालचें काळें डांबर दिसतें आणि रस्ता नुसता ओला आहे असा भास होतो. तो पुलांवर आधीं धरतो. साध्या रस्त्यास खालून भूमीची ऊब असते, पुलाच्या वरूनहि वारा व खालूनहि वारा. अमरानें दिलेल्या नांवांत या वस्तूस नांव नाहीं!

"दाब जरा"

आम्ही ४०१ क्रमांकाच्या महामार्गानें पश्चिमेस निघालों. मिठाच्या गाड्या फिरून गेल्या होत्या. मिठानें पाणी गोठण्याचें तापमान खालीं जातें, म्हणून तिकडे टनावारी मीठ रस्त्यांवर टाकतात. परंतु उणें १०-१२ अंशांखालीं त्याचा गुण फार मंदावतो, आणि मोटारीचा पत्रा मात्र तें गंजवितें. त्या दिवशीं थंडी तितकीच होती. पुन्हां हिम पडूं लागलें. पुढें निळे दिवे लुकलुकवीत हिम बाजूस सारणारे नांगर चालले होते; चिरंजीवांनीं त्यांच्या पुढें जाण्याचा विचारहि केला नाहीं. मिल्टन गांवापर्यंत येईतों पुढची गाडी दिसेनाशी झाली, तिचे तांबडे दिवे तेवढे दिसत.

मिल्टनच्या पुढें रस्ता नायगरा एस्कार्पमेंट नांवाचा कडा चढतो. चिरंजीव म्हणाला, "अण्णा, परत फिरूं या. आज पुढें जाण्यांत अर्थ नाहीं."

मला राग आला. मी म्हणालों, "अरे, पंचवीस किलोमीटर आलों आतां. तिकडे पोरगी वाट पाहते आहे, चार माणसें जमलीं असतील. समोर त्या मोटारी चालल्या आहेत ना? मग आपल्यालाच काय झालें? दाब जरा."

त्यानें उत्तर दिलें नाहीं. बाजूचा दिवा लावला आणि पुढच्या फांट्यानें गाडी महामार्गावरून उतरविली. घरांतला वडील मी, आणि माझा शब्द असा हवेंत राहिला! सूनबाई खिडकीबाहेर पाहत होत्या. मंडळी हलव्याचा डबा मांडीवर घेऊन स्तब्ध होत्या.

परत फिरण्यासाठीं महामार्गावरचा पूल ओलांडावयाचा होता. गाडीचा वेग सायकलीहून फारसा अधिक नव्हता. पुलाच्या मध्यावर गाडीचें शेपूट एकाएकीं डावीकडे सरकलें. आवाज नाहीं, धक्का नाहीं. खालची भूमि कोणी अलगद काढून घेतल्यासारखें वाटलें. कठडा माझ्या खिडकीकडे येतांना मला स्पष्ट दिसला. नातीनें आजीचा हात धरला. चिरंजीवानें ब्रेकवर पाय ठेवला नाहीं. ॲक्सिलरेटरवरचा पाय उचलला, दृष्टि कठड्याकडे न नेतां पुढच्या रस्त्यावर ठेवली, आणि ज्या बाजूस शेपूट गेलें होतें त्याच बाजूस स्टिअरिंग किंचित् वळवून पुन्हां सरळ केलें. गाडी एकदां हेलकावली आणि वाटेवर आली. सारें तीन-चार सेकंदांत झालें. मग तो इतकेंच म्हणाला, "आपण साठाच्या वेगानें असतों तर हें जमलें नसतें."

काळी माती, पांढरें हिम

परतीच्या वाटेंत मी कांहीं बोललों नाहीं. मला १९८६ सालच्या श्रावणांतली एक रात्र आठवत होती.

आई तेव्हां सोनपेठेपासून चार कोसांवर तिच्या माहेरीं गेली होती. तिच्या पोटांत असह्य कळा येऊं लागल्या असा निरोप आला. मी भाड्याची अँबॅसेडर घेऊन गेलों. तिला आधीं परळीस व तेथून अंबाजोगाईस न्यावयाचें होतें. पक्की सडक लागेपर्यंतचा रस्ता काळ्या मातीचा. गोदावरीखोऱ्यांतील ही माती कापसाची माउली खरी, पण भिजली कीं फुगते, चिकटते व वरून लोण्यासारखी निसरडी होते. मध्यरात्रीं गाडी रुतली. ड्रायव्हर म्हणाला, "गुरुजी, थांबूं, चाकाखालीं कांहीं घालूं." मागच्या आसनावर आई कण्हत होती. मी ओरडलों, "थांबतोस काय? दाब! आणखी दाब!" त्यानें दाबलें. चाक गरगर फिरूं लागलें, चिखल माझ्या तोंडावर उडाला, आणि प्रत्येक फेऱ्यासरशीं गाडी खालीं जात राहिली. शेवटीं आंस भुईस टेंकला. दहा मिनिटांचें काम मीं चार तासांचें करून ठेवलें.

शेजारच्या आखाड्यावरून एक म्हातारा शेतकरी कंदील घेऊन आला. त्यानें आधीं इंजिन बंद करावयास सांगितलें. चाकांपुढचा चिखल खोऱ्यानें ओढला, कोरड्या तुराट्यांच्या पेंढ्या आणून चाकांखालीं सारल्या, बैल जोडले, आणि ड्रायव्हरला म्हणाला, "आतां उगं हळू. चाक फिरूं देऊं नको, सरकूं दे." उजाडतां उजाडतां गाडी निघाली. आई वांचली, पुढें चौदा वर्षें जगली. त्या रात्रीबद्दल ती मला कधीं बोलली नाहीं. लोकांस मात्र मी रस्त्याचा, पावसाचा आणि सरकारचा दोष सांगत आलों. स्वतःचा दोष सांगितला नाहीं, कारण तो मला दिसलाच नव्हता. तो मिल्टनच्या पुलावर दिसला. जेथें पकड नाहीं तेथें जोर केला कीं तो जोर आपल्यावरच उलटतो, मग तो चिखल असो कीं हिम. आणि दोन्ही वेळां गाडी हांकणारा शहाणा होता, मागें बसलेला शिकलेला मनुष्यच "दाब" म्हणत होता.

अडकल्यास काय करावें

तुराट्यांची युक्ति कॅनडांतहि चालते. तेथें वाळू घेतात, किंवा पायाखालची रबरी चटईच चाकापुढें सारतात. प्रथम लहान फावड्यानें चाकांपुढचें व मागचें हिम काढावें, चाकें सरळ करावीं, मग गाडी अगदीं थोडी पुढें, थोडी मागें अशी झुलवीत बाहेर काढावी. चाक जागींच फिरूं लागलें तर ताबडतोब थांबावें. त्याच्या घर्षणानें खालचें हिम वितळून पुन्हां गोठतें व आरशासारखें होतें.

गाडी निघालीच नाहीं तर ती सोडून वादळांत चालत जाऊं नये. गाडी शोधणाऱ्यांस सांपडते, मनुष्य सांपडत नाहीं. आंत राहावें, परंतु येथें एक अदृश्य शत्रु असतो. धुराच्या नळीभोंवतीं हिम सांचलें तर इंजिनांतला कार्बन मोनॉक्साइड वायु बाहेर न जातां गाडींत शिरतो. त्यास रंग नाहीं, वास नाहीं. मनुष्यास झोंप आल्यासारखें वाटतें आणि ती झोंप उतरत नाहीं. २०२२ च्या जानेवारींत पाकिस्तानांतील मरी या थंड हवेच्या ठिकाणीं हिम पाहावयास गेलेल्या वीसाहून अधिक लोकांचा अडकलेल्या मोटारींतच अंत झाला. त्यांतील कांहींस याच वायूनें मारलें असें त्या वेळीं सांगण्यांत आलें. म्हणून नळी पुनःपुन्हां मोकळी करावी, इंजिन तासांत दहा मिनिटेंच चालवावें, आणि वाऱ्याच्या विरुद्ध बाजूची खिडकी बोटभर उघडी ठेवावी. टाकी निम्म्याखालीं उतरूं देऊं नये. गाडींत घोंगड्या, पाणी, खाण्याचे पदार्थ व विजेरी ठेवावी.

मनालीकडे जाणाऱ्यांनीं आणखी चार गोष्टी ध्यानांत घ्याव्या. आपल्या मोटारीस उन्हाळी टायर असतात. तेव्हां लोखंडी सांखळ्या बरोबर घ्याव्या, व ज्या चाकांस इंजिनाचा जोर मिळतो त्यांसच त्या बांधाव्या. बहुतेक लहान मोटारींत तीं पुढचीं चाकें असतात. त्या घरीं एकदां बांधून पाहिलेल्या असाव्या, आणि हिम संपतांच काढाव्या. रेडिएटरमध्यें व कांच धुण्याच्या टांकींत नुसतें पाणी ठेवूं नये, तें गोठेल. डिझेल तेथलेंच भरावें. आपल्याकडचें अति थंडींत दाट होतें. रात्रीं हातब्रेक ओढून न ठेवतां गाडी सपाटीवर गिअरांत ठेवावी, नाहीं तर ब्रेक गोठून बसतो. २०२४ च्या डिसेंबरांत सोलंग ते अटल बोगदा या वाटेवर पर्यटकांच्या शेंकडों मोटारी एकाच वेळीं अडकल्या होत्या. त्यांत आपल्याहून सवयीचे लोकहि होते. पोलीस थांबा म्हणतील तेथें थांबावें, आणि पुढचा प्रवास स्थानिक माणसाच्या गाडीनें करण्यांत कमीपणा मानूं नये.

कमीपणाचा प्रश्न निघाला म्हणून सांगतों. १७ जानेवारी २०२२ रोजीं टोरांटोंत इतकें हिम पडलें, कीं शहराच्या कांहीं भागांत सुमारें अर्ध्या मीटरचा थर सांचला आणि डॉन व्हॅली पार्कवे व गार्डिनर एक्स्प्रेसवे हे दोन मोठे वेगमार्ग बंद करावे लागले. ज्या शहरास हिवाळा नवा नाहीं, ज्याच्यापाशीं नांगर, मीठ व माणसें सज्ज असतात, तें शहरसुद्धां एखादे दिवशीं हात जोडून घरीं बसतें.

रथसप्तमी

आम्ही घरीं पोंचलों तेव्हां कोणीच बोलत नव्हतें. चहा झाल्यावर मंडळी म्हणाल्या, "बोरनहाण रथसप्तमीपर्यंत करतां येतें. शास्त्रानें सवड दिली आहे ती आपल्यालाच कशी आठवली नाहीं?" संस्कृत शिकवीत आयुष्य गेलेल्या मला हें माझ्या पत्नीनें सांगावें! मीं भाचीस दूरध्वनि केला. ती म्हणाली, "काका, तुम्ही निघालांत हें ऐकल्यापासून आम्हीच देवापाशीं बसलों होतों. बरें झालें परत फिरलांत."

रात्रीं मीं मुलास श्रावणांतली ती हकीगत सांगितली. त्याला आजी अडकली होती एवढें ठाऊक होतें. "दाब" कोण म्हणालें हें ठाऊक नव्हतें. तो बराच वेळ ऐकत राहिला. मग म्हणाला, "अण्णा, पहिल्या हिवाळ्यांत मीहि गाडी खड्ड्यांत घातली होती. तुम्हांला कळविलें नाहीं, काळजी कराल म्हणून."

पुढच्या रविवारीं आकाश निरभ्र होतें, सडका कोरड्या होत्या. रथसप्तमीस अजून अवकाश होता. आम्ही तीच वाट धरली आणि एका तासांत किचनरला पोंचलों. बाळ हलव्याच्या मुकुटांत बसलें, डोक्यावर बोरें, चुरमुरे व उंसाचे करवे पडले, आणि इतर मुलांनीं ते वेंचले. पुलावरून जातांना चिरंजीवांनीं वेग उतरविला होता. मागें बसून मी घड्याळाकडे पाहिलें नाहीं. वडीलधाऱ्या वाचकांस माझी एवढीच विनंती आहे, कीं मुलाच्या गाडींत बसल्यावर त्याला उशीर झाल्याची आठवण करून देऊं नये. तो परत फिरूं म्हणाला, तर फिरूं द्यावें.